झाकली मूठ
नाण्यांच्या हातचलाखीवर वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

आपल्या नागपुरात पोळा आणि गणपती तोंडावर आले की या सदराची पत्रं एकदम वाढतात. मंडळात किंवा सोसायटीत "तुम्हीच काहीतरी करून दाखवा" असं म्हणून कुणाच्या तरी गळ्यात कार्यक्रम पडतो आणि मग आमची आठवण होते. या अंकात पत्ते, दोऱ्या, रुमाल सगळं बाजूला ठेवलंय. फक्त नाणी घेतली आहेत. पत्रं जागेपुरती कापली आहेत आणि नावं तुमच्याच विनंतीवरून गाळली आहेत.

ताई, मी अकरावीत आहे. फ्रेंच ड्रॉप शिकून महिना झाला. आरशात एकदम मस्त दिसतं, पण माझा लहान भाऊ दरवेळी म्हणतो, "दुसरा हात दाखव बे." मामा आले होते तेव्हा त्यांच्यासमोरही तेच. काय करू? (मानेवाडा)

भावावर चिडू नकोस, फुकटचा परीक्षक घरात मिळालाय. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. डाव्या हाताच्या चिमटीत नाणं आडवं धरायचं. उजवा हात ते घ्यायला येतो, अंगठा नाण्याखालून आणि बोटं वरून. बोटांचा आडोसा झाला की डावा अंगठा सुटतो, नाणं डाव्याच हातात पडतं आणि उजवी मूठ रिकामी मिटून निघून जाते.

आता आधी जादू सोड आणि नाणं खरोखर घे. डाव्यातून उजव्यात, अगदी भाजीवाल्याला सुटे देताना घेतोस तसं. पुन्हा घे, आणि या वेळी डाव्या हाताकडे बघ. नाणं गेल्यावर त्याला काम उरत नाही. बोटं आपसूक थोडी मिटतात, मनगट सैल पडतं, हात खाली येतो. आता खोटं घे. बहुतेकांचा डावा हात इथे जागच्या जागी थिजतो, चिमटी उघडीच राहते, कारण आत नाणं आहे हे त्या हाताला माहीत असतं. तुझ्या भावाला नाणं दिसतच नाहीये. त्याला तो थिजलेला हात दिसतो.

म्हणून सराव असा: एकदा खरं, एकदा खोटं, आलटून पालटून. मोबाइलवर चित्रीकरण कर, दुसऱ्या दिवशी आवाज बंद करून बघ. कुठलं खरं आणि कुठलं खोटं हे तुझं तुलाच ओळखता येईनासं झालं की मग भावाला बोलाव. तोवर वेग वाढवायचा नाही. खरं नाणं कुणी झटक्यात घेत नाही.

दुसरं, डोळे. स्कॉटलंडमधल्या एअर गावात जॉन रॅमसे (१८७७–१९६२) म्हणून एक किराणा दुकानदार होते आणि नाण्यांच्या कामात मोठमोठे जादूगार त्यांना मानत. ते शिकवायचे की लोकांनी जिकडे बघावं असं वाटतं तिकडे आधी तुम्ही बघा, आणि लोकांनी तुमच्याकडे बघावं असं वाटत असेल तर लोकांकडे बघा. तू बहुधा डाव्या हाताकडे चोरून बघतोस. उजव्या मुठीकडे बघ, तिच्यात नाणं आहे असं समजून. मूठही इतकी घट्ट आवळू नकोस, नाणं तळहाताला रुतेल.

आणि तिसरी गोष्ट पुस्तकात एका ओळीत उरकतात, पण माझ्या मते सगळ्यात मोठी तीच. नाणं या हातातून त्या हातात घेतलंस कशाला? भावाला हा प्रश्न शब्दांत विचारता येत नाही, म्हणून तो "दुसरा हात दाखव" म्हणतो. त्याला कारण दे. स्कूटीची किल्ली पँटच्या डाव्या खिशात ठेव. "थांब, याला किल्ली लावावी लागते" असं म्हण, नाणं उजव्या हातात घेतल्यासारखं कर आणि मोकळ्या झालेल्या डाव्या हाताने किल्ली काढ. नाणं खिशातच सोडून ये. किल्ली उजव्या मुठीवर फिरव, दोन वाक्यं बोल, घाई नको. मग एक एक बोट उघड. आता भावाने "दुसरा हात" म्हटलं तर त्या हातात किल्लीशिवाय काही नाही. नाणं परत आणायचं असेल तर तसलंच दुसरं त्याच्या दप्तराखाली आधीच ठेवून दे.

सराव आरशासमोर करावा की मोबाइलसमोर? (हुडकेश्वर)

दोन्ही, पण आरशात एक खोड लागते. नेमकी लबाडी करायच्या क्षणी आपण पापणी मिटतो, म्हणजे स्वतःची चूक स्वतःला दिसतच नाही. मोबाइल पापणी मिटत नाही. फोन तुमच्या छातीच्या उंचीवर ठेवू नका, समोरच्याच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. मुलांसमोर करणार असाल तर स्टुलावर.

कुठलं नाणं वापरावं? इंग्रजी पुस्तकांत हाफ डॉलर म्हणतात, तो आपण कुठून आणायचा? (वर्धमाननगर)

आणायची गरज नाही, आजोबांच्या पेटीत बघा. हाफ डॉलर ३०.६ मिमी व्यासाचा आणि ११.३४ ग्रॅमचा असतो. आपला जुना चांदीचा कलदार रुपया, राणीछाप असो की राजाछाप, वजनाला ११.६६ ग्रॅम म्हणजे बरोबर एक तोळा आणि रुंदीला जवळजवळ तेवढाच. त्या पुस्तकांतलं प्रत्येक माप कलदारावर बसतं. शिवाय घासून गुळगुळीत झालेली चांदी एकमेकींवर सरकताना खणखणत नाही. इतवारीच्या सराफा बाजारात कलदार मिळतो, पण आजचा चांदीचा भाव बघता सरावाला तो नकोच. खाली पडून कपाटामागे गेला की जीव जातो.

सरावाला दहाचं नाणं घ्या. २७ मिमी, पावणेआठ ग्रॅमच्या आसपास. दोन रंगांमुळे लांबूनही ओळखू येतं, हा त्याचा मोठा गुण. वीस रुपयांचंही २७ मिमीचंच आहे, वजन ८.५४ ग्रॅम, आणि त्याला बारा कोन आहेत. ते कोन तळहातात छान धरून राहतात, पण बोटांवरून गोल फिरवायला गेलात तर अडखळतात. जुनं जाडजूड पाचचं नाणं, २३ मिमी आणि पूर्ण ९ ग्रॅमचं, कुणाकडे असेल तर खर्चू नका. लहान हातांसाठी त्याच्यासारखं दुसरं नाही. हल्लीची एक-दोनची स्टीलची नाणी मात्र हलकी आणि निसरडी, हातात आहेत की नाहीत तेही कळत नाही. त्यांना लोहचुंबक लागतं, एवढा एक उपयोग, आणि चुंबकाचे प्रयोग मला व्यक्तिशः आवडत नाहीत.

दहाचं नाणं कुणी "चालत नाही" म्हणून परत दिलं तर वाद घाला. सगळे चौदा प्रकार चालतात असं रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्येच जाहीर केलंय. संविधान चौकातल्या तिच्या इमारतीसमोरून रोज जाणारे आपणच नाणं नको म्हणावं, काय म्हणावं बाप्पा याला!

मी बँकेत कॅशियर आहे, वय ४७. हात लहान आहेत. तळहातात नाणं धरायचा (क्लासिक पाम) प्रयत्न करते पण उन्हाळाभर ते टिकलंच नाही. बांगड्या आणि अंगठीचीही अडचण वाटते. हे वय शिकायचं आहे का? (धरमपेठ)

वयाचं विचारूच नका. मी पोस्टाच्या काउंटरवर असताना सुरुवात केली तेव्हा केस पांढरे होऊ लागले होते. उलट तुमची बोटं दिवसभर नाणी मोजतात, निम्मं शिक्षण झालेलंच आहे. फक्त सराव काउंटरवर नको. ग्राहकाचं नाणं तिथे गायब झालं तर त्याला जादू म्हणत नाहीत.

उन्हाळ्याचं तुमचं निरीक्षण अगदी बरोबर. मे महिन्यात पारा ४५ च्या वर आणि घरात कूलरचा वारा, आपल्याकडची हवा इतकी कोरडी की तळहात कागदासारखे होतात. नाणं धरायला कातडीला किंचित ओल लागते. रात्री झोपताना दोन थेंब ग्लिसरीन पाण्यात मिसळून लावा. प्रयोगाआधी मात्र काही लावू नका. आता पावसाळ्यात उलटा त्रास होईल: दमट हातातून नाणं निसटत नाही, पण सोडायचं म्हटलं तर सुटत नाही. खिशात सुती रुमाल ठेवा, पावडर नको, ती नाण्यावर दिसते.

आता जागा. मधलं आणि अनामिका अशा दोन बोटांच्या टोकांनी नाणं तळहातावर दाबा. अंगठ्याच्या मुळाशी एक उंचवटा असतो, करंगळीखाली दुसरा. नाण्याच्या दोन कडा त्या दोन उंचवट्यांत चिमटल्या गेल्या पाहिजेत. प्रत्येकीची जागा तांदळाच्या दाण्याएवढी इकडेतिकडे असते, ती शोधायलाच काही आठवडे जातात. सापडली की कळतं, कारण त्यानंतर जोर लावावा लागत नाही. बहुतेक जण जोर लावतात, मग अंगठा ताठ होतो आणि हात खेकड्याच्या नांगीसारखा दिसतो. नाणं पडलं तर पडू द्या, पण अंगठा सैलच ठेवा.

तळहातात नाणं ठेवून घरातली कामं करा. चहा गाळा, वर्तमानपत्राचं पान उलटा, बटण लावा. हाताला वेगळं काही करतोय असं वाटेनासं झालं म्हणजे जमलं.

पण खरं सांगू, लहान हाताला सुरुवात इथून करायला मी सांगणारच नाही. फिंगर पाम घ्या. मधल्या बोटाच्या आणि अनामिकेच्या मुळाशी नाणं ठेवायचं आणि बोटं अलगद मिटायची, हात बाजूला लोंबता सोडल्यावर जितकी आपसूक मिटतात तितकीच. त्यात काही धरावंच लागत नाही. अंगठी तेवढी त्या हातातून काढा, नाण्याला लागली की टक् असा बारीक आवाज येतो आणि समोरच्याला कारण कळलं नाही तरी त्याचं लक्ष तिकडे जातं.

बांगड्या अजिबात काढू नका. काचेच्या असतील तर फारच छान. नाणं खरोखर या हातातून त्या हातात घ्या आणि डोळे मिटून बांगड्या ऐका. हात वळताना एक किणकिण, हात दूर जाताना दुसरी, मध्ये छोटा खंड. आता खोटं घ्या. खंड लांबला किंवा पहिली किणकिण जोरात आली, म्हणजे तुम्ही लबाडीच्या जागी अडखळताय. पुरुषांना ही सोय नाही. शिवाय कोपरापर्यंतचं ब्लाउज असलं की "बाहीत लपवलं" म्हणायला कुणाला जागा उरत नाही. "पदरात टाकलं" मात्र पोट्टे हमखास म्हणतात, म्हणून पदर खांद्यावर पिनअप करून घ्या.

मनीषनगरला तिसऱ्या मजल्यावर राहतो. रात्री सराव करताना नाणं टाइल्सवर पडतं आणि खालचे काका तक्रार करतात. (नाव नको)

पलंगाच्या कडेला उभे राहा आणि गादीवर पडू द्या. बसून करायचं असेल तर मांडीवर गोधडी घ्या. आणि रात्री तासभर बसण्यापेक्षा दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं करा, दमलेला हात चुकीचंच पाठ करतो.

बोटांच्या पेरांवरून नाणं फिरवायला किती दिवस लागतील? (अकरा वर्षांचा वाचक, गोकुळपेठ)

रोज केलंस तर बहुधा दिवाळीपर्यंत. पण ती कसरत आहे, जादू नाही. जादू दाखवायच्या आधी ती केलीस तर लोकांना कळतं की तुझी बोटं तयार आहेत, आणि मग नाणं गायब झालं की ते म्हणतात, "हो, बोटं चालतात ना त्याची." शेवटी कर, टाळ्या मिळतील.

मित्राने नाणं आतून कोरून, टोपणासारखं करून वापरायला सांगितलं आहे. करावं का? (जरीपटका)

नाही. चलनातलं नाणं मोडणं, वितळवणं हा २०११ च्या नाणे कायद्याखाली गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, दोन हात शिकायच्या आधी तिसरं साधन कशाला?

सक्करदऱ्याला आमच्या मंडळात पंधरा मिनिटांचा कार्यक्रम मिळाला आहे. समोर दोन-अडीचशे लोक असतील. मी फक्त नाण्यांचं करतो. जमेल?

तुम्ही आता करता ते जमणार नाही, स्पष्ट सांगते. दहाचं नाणं चौथ्या रांगेनंतर दिसत नाही. मांडवात ट्यूबलाइट, हॅलोजन आणि आरतीचा धूर. तुम्ही काहीतरी गायब केलंत हे मागच्यांना पुढच्यांच्या टाळ्यांवरून कळेल.

पण यावर उपाय शंभर वर्षांपूर्वीच निघालाय. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात टी. नेल्सन डाउन्स (१८६७–१९३८) नावाचा एक गृहस्थ रेल्वेत तारबाबू होता. त्याने हवेतून नाणी पकडून टोपीत टाकायच्या जुन्या प्रयोगाचा अख्खा कार्यक्रम केला आणि मोठमोठी थिएटरं त्यावर गाजवली. प्रयोग चालतो तो कानांवर. नाणं दिसो न दिसो, भांड्यात पडल्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो.

तुम्हाला टोपी नको, स्टीलचा उभा डबा घ्या, लोणच्याचा असतो तसा. बाजारात जाऊन दोन-चार डबे वाजवून बघा, दुकानदार हसला तर हसू द्या. जाड बुडाचा बद्द वाजतो, पातळ बुडाचा खणकन. डब्याची कड डाव्या हाताने अशी धरायची की चार बोटं आत आणि अंगठा बाहेर. आतल्या बोटांखाली नाण्यांची चळत. उजव्या हातात एकच नाणं असतं, तेच हवेत "सापडतं" आणि डब्यात "पडतं", म्हणजे तळहातात परत जातं. त्याच क्षणी डावी बोटं चळतीतलं एक सोडतात. त्या दोन क्रियांमध्ये पापणी लवण्याएवढंही अंतर राहिलं तर पहिल्या रांगेतलं पोरगं ओरडून सांगेल. मी सरावाला आधी नुसता ताल धरायला लावते, "पकड, टाक", "पकड, टाक", उजव्या हातात नाणं न घेता. ताल बसला की नाणं.

चौथ्या-पाचव्या नाण्यानंतर लोकांना रीत कळते आणि ते कंटाळतात. तेव्हा खाली उतरा. अध्यक्षांच्या टोपीमागून एक काढा, कुणाच्या कोपरातून एक, आणि नाक शिंकरणाऱ्या एखाद्या पोट्ट्याच्या नाकातून एक, म्हणजे मांडव डोक्यावर घेतील. पंधरा मिनिटं नको, सात करा. उरलेल्या वेळात गाणी लावायला मंडळवाले तयारच असतात.

जागेचं आधीच ठरवून घ्या. मंचाच्या दोन्ही बाजूंना आणि मागे पोरं बसू देऊ नका. पाठ मूर्तीकडे आली तरी चालेल, गणपतीला सगळं माहीतच आहे.

सोसायटीच्या तान्ह्या पोळ्याला मुलांना नाण्याचा खेळ दाखवायचा आहे. मुलं चारही बाजूंनी घेरतात आणि "परत! परत!" करतात. (त्रिमूर्तीनगर)

भिंतीला टेकून उभ्या राहा, मागची बाजू मिटली. "परत" म्हटलं तर नाणं परत गायब करू नका. पहिल्यांदा काय होणार हे त्यांना माहीत नव्हतं, आता त्यांना फक्त हात बघायचेत. त्याऐवजी नाणं परत आणा, कुणाच्या तरी लाकडी बैलाच्या झुलीखालून. बैल दुसऱ्याच मुलाचा असावा आणि नाणं तिथे आधीच ठेवलेलं. "परत" ऐकलं म्हणून मुलं खूश, आणि घडलं मात्र वेगळंच.

नाणं मुलाच्या बोजाऱ्यातलं (पोळ्याला मिळालेल्या पैशांतलं) मागून घेतलं असेल तर तेच त्याला द्या, बदली नको. मुलं आपापलं नाणं ओळखतात, त्यावरचं साल पाठ असतं त्यांना.

गेल्या महिन्यात भाच्याच्या कानातून नाणं काढलं. तेव्हापासून आमच्या आत्याबाई म्हणतात की माझ्या हाताला सिद्धी आहे. आधी गंमत वाटली. पण परवा त्या शेजारणीला घेऊन आल्या, ती मुलाच्या नोकरीचं विचारून दोनशे रुपये देवासमोर ठेवून गेली. आता भीती वाटते. (महाल)

वाटायलाच हवी. ते दोनशे रुपये आजच परत करा, स्वतः जाऊन, आत्याबाईंच्या हाती नको. चमत्काराचा दावा करून पैसे घेणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि "मी दावा केलाच नव्हता" हे नंतर कुणाला पटवणार?

अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती याच शहरात १९८२ साली सुरू झाली. तिचे कार्यकर्ते मंचावर चमत्कार करतात आणि लगेच तो कसा केला तेही सांगतात. तुम्ही प्रत्येक प्रयोगाचं गुपित फोडावं असं मी म्हणणार नाही, मग या सदराला अर्थ काय! पण "ही हातचलाखी आहे, मी शिकले आहे, तुम्हालाही येईल" हे वाक्य प्रयोगाच्या आधी म्हणा, नंतर नाही. नंतर म्हटलं की लोकांना तो विनय वाटतो. या वाक्याने मजा कमी होते असं म्हणतात, मला तसा अनुभव नाही. उलट लोक जास्त डोळे फाडून बघतात.

आत्याबाईंचं काम मात्र नुसतं बोलून होणार नाही. त्यांच्या बोटांच्या मुळाशी जुनं पाचचं नाणं ठेवा, बोटं सैल मिटायला लावा आणि भाच्याला समोर बसवा. कानापर्यंत हात न्यायचा आणि अंगठ्याने नाणं पुढे सरकवायचं, एवढंच. दुपारभरात येईल त्यांना. शेजारीण पुन्हा आली तर दार आत्याबाईंना उघडू द्या, आणि तिच्या कानातून नाणं त्यांनाच काढू द्या.